ट्युबिंगनमधलं एक सेमिस्टर : एक्स्चेंजला जाऊ पाहणाऱ्यांसाठी

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

एक्स्चेंजबद्दल, म्हणजे आपल्या विद्यापीठात शिकत असतानाच एखादं सेमिस्टर परदेशी विद्यापीठात करण्याबद्दल, इथे कुणी विचारलं की उत्तरं बहुतेक परदेशात पूर्ण पदवी घेतलेल्यांची येतात. त्यांचा सल्ला मोलाचा असतो, पण एकाच सेमिस्टरसाठी जाणाऱ्याचं गणित सगळं वेगळं असतं. म्हणून हा स्वतंत्र धागा. मी पुण्यात एम.ए. करताना २०२४-२५ चं हिवाळी सेमिस्टर जर्मनीत ट्युबिंगन विद्यापीठात केलं. विषय सार्वजनिक धोरण, त्यातही शहरं आणि पर्यावरण. पदवी इथलीच, फीसुद्धा इथेच भरलेली.

माझं म्हणणं आधीच सांगते. जाणाऱ्यांपैकी पुष्कळजण युरोपचा नकाशा पुढ्यात घेऊन दर शनिवार-रविवारचे बेत ठरवतात. रात्रीची बस, पहाटेचं विमान, सोमवारी वर्गात पेंगायचं. फिरण्याला माझी ना नाही. पण प्राग आणि पॅरिस नोकरी लागल्यावर रजा काढूनही बघता येतात. परक्या गावात रहिवासी म्हणून नाव नोंदवायचं, तिथल्या मुलांच्या बाकावर बसून त्यांच्या पद्धतीने शिकायचं, ही संधी विद्यार्थी असतानाच मिळते. मिळालेले सहा महिने एका गावाला द्या, असं मी कळकळीने सांगेन.

ट्युबिंगन नेकार नदीवर आहे, स्टुटगार्टहून रेल्वेने तासाभराच्या आत. वस्ती नव्वद हजारांच्या आसपास आणि त्यात विद्यार्थीच पाव हिश्श्याहून जास्त. विद्यापीठ १४७७ सालचं. खगोलशास्त्रज्ञ केप्लर इथेच शिकला. संस्कृतच्या अभ्यासकांना सेंट पीटर्सबर्गचा मोठा संस्कृत-जर्मन कोश माहीत असेल. त्याच्या दोन कर्त्यांपैकी रुडॉल्फ रोट इथेच शिकवत होते. गावाला वेगळा 'कॅम्पस' असा नाहीच. जुन्या गल्ल्यांमध्ये विभाग विखुरलेले आहेत. विज्ञानशाखा आणि मोठी वसतिगृहं वर टेकडीवर. मी टेकडीवरच्या वाल्डहॉयझर ओस्ट भागात राहत होते, खाली यायला बस.

अभ्यासाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण त्यावरच सगळ्यात कमी लिहिलं जातं. वेळापत्रकात '१० सी.टी.' असं असलं की तास सव्वादहाला सुरू होतो. व्याख्यान संपलं की मुलं टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या सांध्यांनी बाक ठोकतात. या गमती दोन आठवड्यांत सवयीच्या होतात. खरा फरक सेमिनारमध्ये आहे. टेबलाभोवती वीसेक जण, दर आठवड्याला ठरलेलं वाचन आणि प्राध्यापिका कमीत कमी बोलणार. कुणी काही बोललं नाही तर त्या थांबायच्या, शांतता भरून काढायची घाई करायच्या नाहीत. आपल्याकडे 'लेखकाने काय म्हटलंय' इथवर चर्चा येते. तिथे पहिल्या दहा मिनिटांतच 'हे मला पटत नाही, कारण...' सुरू होतं. सुरुवातीला मी वाचून जायचे आणि गप्प बसायचे. मग शेजारच्या मुलीने सांगितलं की ती दर वेळी दोन प्रश्न कागदावर लिहूनच येते. तेव्हापासून मीही तेच केलं आणि नोव्हेंबरअखेर बोलायला लागले.

आमच्या एका सेमिनारचा विषय शहरांची कचराधोरणं हा होता आणि त्यासाठी याहून योग्य गाव सापडलं नसतं. ट्युबिंगनने १ जानेवारी २०२२ पासून एकदाच वापरायच्या पॅकिंगवर स्थानिक कर लावलाय. कागदी कप किंवा डबा ५० सेंट, काटा-चमचा २० सेंट. गावातल्या एका फास्ट फूड दुकानाच्या चालकाने कोर्टात धाव घेतली. मानहाइमच्या न्यायालयात नगरपालिका हरली, २०२३ मध्ये लाइपझिगच्या संघीय प्रशासकीय न्यायालयात बऱ्याच अंशी जिंकली आणि प्रकरण कार्ल्सरूहच्या संघीय घटनात्मक न्यायालयाकडे गेलं. २२ जानेवारी २०२५ ला निकाल जाहीर झाला : कर वैध. त्या आठवड्यात आमच्या वर्गात ठरलेलं वाचन बाजूला राहिलं आणि निकालपत्रावरच तास झाला. ज्या बेकरीतून आम्ही तासाला येताना कॉफी घ्यायचो तिच्या मालकिणीचं मतही चर्चेत आलं. माझा रेफेराट (वर्गापुढे करायचं सादरीकरण) महाराष्ट्राच्या मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीवर होता. बंदी आणि कर यात अंमलबजावणीचं ओझं कुणावर पडतं, हा मुद्दा. मुलांनी विचारलेले प्रश्न साधे होते : दंड कोण वसूल करतं, त्या माणसाचा पगार कोण देतं, छोट्या भाजीवाल्याला पर्याय कोणी दिला? मंडईत लहानपणापासून जाणाऱ्या मला या प्रश्नांची उत्तरं नीट शोधावी लागली. आपल्याच राज्याचा अभ्यास मी त्या गावात बसून जास्त बारकाईने केला.

आणखी एक. फेब्रुवारी २०२५ मध्ये जर्मनीत संसदेची निवडणूक होती. जानेवारीत रस्त्यांवर फलक लागले आणि वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात रोज रात्री वाद. आठवडाअखेरीला गाव सोडून गेलं की हे सगळं ऐकायचं राहून जातं.

प्रश्न विचारा. पैसे, कागदपत्रं, जेवण, जे माहीत आहे ते सांगेन.


वाटसरू_८१

सुरेख लिहिलंयस. मुलगी पुढच्या वर्षी अर्ज करायचं म्हणतेय, म्हणून सरळ खर्चाचं विचारतो. फी इथेच भरली म्हणजे तिथे काहीच लागत नाही का? आणि बँकेत किती दाखवावे लागतात?


कृष्णाकाठ

काका, ट्युबिंगन ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात येतं, तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सेमिस्टरला १५०० युरो शिक्षणशुल्क आहे. करारातून आलेल्या एक्स्चेंजवाल्यांना ते माफ असतं. त्यांना फक्त सेमिस्टरचं योगदान भरावं लागतं, दीडशे-दोनशे युरोच्या घरात.

व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट लागतो. सप्टेंबर २०२४ पासून महिन्याला ९९२ युरो असा हिशोब आहे, वर्षाचे ११,९०४. एका सेमिस्टरला जाणाऱ्याने जितके महिने राहायचं तितक्यांचे दाखवायचे. शिष्यवृत्तीचं पत्र असेल तर तेवढी रक्कम कमी होते. हे पैसे आपलेच, तिथे गेल्यावर दर महिन्याला हप्त्याने हातात येतात. व्हिसाची फी ७५ युरो. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या जर्मन वकिलातीच्या अखत्यारीत येतात.

राहण्याचा खर्च : विद्यार्थी वसतिगृहात खोली ३०० ते ४०० युरो. विद्यार्थ्यांचा आरोग्य विमा महिन्याला १४० युरोच्या आसपास, तो टाळता येत नाही. मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या भोजनगृहात, जेवण तीन-चार युरोत होतं. आणि एक खर्च कुणी आधी सांगत नाही : सार्वजनिक रेडिओ-टीव्हीचं शुल्क, दर घराला महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही असो-नसो, पत्र येतंच. एका फ्लॅटमध्ये चौघं असतील तर चौघांत मिळून एकदाच भरायचं, त्यामुळे आधीपासून कोण भरतंय ते पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवावं.

खोलीचा अर्ज मात्र प्रवेशाचं पत्र आलं त्याच दिवशी करायला सांगा. लहान विद्यापीठगावांत ऑक्टोबरमध्ये खोली मिळणं फार कठीण जातं. घरमालकाच्या सहीचं पत्र हातात आलं की नगरपालिकेत रहिवासी नोंदणी होते, ती राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. बँकेसारखी पुढची बरीच कामं त्या कागदावर अडतात.


विद्याव्यवहार

मी एका स्वायत्त महाविद्यालयात शिकवते आणि आंतरराष्ट्रीय कक्षाचं काम बघते. धागाकर्तीने अभ्यासाबद्दल लिहिलं ते वाचून फार आनंद झाला. क्रेडिटबद्दल थोडं लिहिते, कारण परतल्यावर मुलांचे सगळ्यात जास्त हाल तिथे होतात.

पहिली अडचण कॅलेंडरची. जर्मनीत हिवाळी सेमिस्टर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च, उन्हाळी १ एप्रिल ते ३० सप्टेंबर. आपल्याकडे विषम सत्र जून-जुलैला सुरू होऊन नोव्हेंबर-डिसेंबरला संपतं, सम सत्र जानेवारी ते मे. म्हणजे ऑक्टोबरला जाणारी मुलगी इथलं विषम सत्र अर्ध्यात सोडते आणि परतते तेव्हा सम सत्र अर्धं झालेलं असतं. एक सेमिस्टर बाहेर, आणि इथली दोन्ही सत्रं कापलेली. यावर उपाय आहेत : सम सत्रात प्रबंध किंवा इंटर्नशिपची क्रेडिट ठेवणं, विषम सत्राची परीक्षा जाण्यापूर्वी घेणं. पण हे सगळं आधी विभागाच्या बैठकीत ठरलेलं आणि लेखी असलं पाहिजे. तोंडी 'बघू, करून घेऊ' यावर कुणीही विमानात बसू नये. आमच्याकडच्या एका विद्यार्थिनीचं वर्ष याच पायी लांबलं. तोंडी शब्द देणारे प्राध्यापक बदलून गेले होते.

दुसरी अडचण क्रेडिटच्या मापाची. युरोपात पूर्ण वर्षाचे ६० ईसीटीएस (तिथली क्रेडिट), सेमिस्टरचे ३०. एका ईसीटीएसमागे २५ ते ३० तासांचं काम धरतात आणि त्यात घरचं वाचनही येतं. आपल्याकडे सेमिस्टरला साधारण २० ते २२ क्रेडिट. तेव्हा तिथले ६ ईसीटीएस म्हणजे इथले ६ क्रेडिट, असं धरून चालत नाही. दीडास एक हा ढोबळ हिशोब अनेक ठिकाणी वापरतात, पण तुमचं विद्यापीठ काय मानतं तेच खरं. गुणांचंही तसंच : तिथे १.० सर्वोत्तम, ४.० जेमतेम उत्तीर्ण, ५.० नापास. इथल्या परीक्षा विभागात एखाद्या नवख्या माणसासमोर १.३ असा आकडा गेला तर काय होईल, ते सांगायला नको. रूपांतराचा तक्ता करारालाच जोडून घ्या.

तिसरी गोष्ट नियमांची. ट्विनिंग (पदवी इथलीच, काही भाग परदेशी संस्थेत), संयुक्त आणि दुहेरी पदव्यांसाठी यूजीसीचे २०२२ चे नियम आहेत. ट्विनिंगमध्ये परदेशी संस्थेची क्रेडिट ३० टक्क्यांपर्यंत चालतात. साध्या एक्स्चेंजचं बरंचसं मात्र विद्यापीठाच्या स्वतःच्या तरतुदीवर, म्हणजे अभ्यास मंडळ आणि विद्या परिषदेवर अवलंबून असतं. जाण्यापूर्वी 'लर्निंग अ‍ॅग्रीमेंट'वर, म्हणजे तिथे कोणते विषय घेणार याच्या लेखी करारावर, तिन्ही सह्या हव्यात : विद्यार्थी, इथली संस्था, तिथली संस्था. तिथे गेल्यावर विषय बदलले तर बदललेली प्रतही त्याच आठवड्यात इथे पाठवा.


तळ्यातमळ्यात

मॅडमनी कॅलेंडरचा मुद्दा काढला म्हणून लिहितो. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात सिंगापूरला एनयूएसमध्ये (नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूर) होतो. तिथलं पहिलं सेमिस्टर ऑगस्ट ते डिसेंबरची सुरुवात, दुसरं जानेवारी ते मेची सुरुवात. आपल्या सत्रांशी जवळपास जुळतं. परतल्यावर एकही पेपर मागे राहिला नव्हता, प्लेसमेंटलाही वेळेवर हजर होतो. ज्यांच्या विभागात लवचीकपणा नाही त्यांनी आधी अशी विद्यापीठं बघावीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकी अभ्यासाचा वेग जबरदस्त. दर आठवड्याला ट्युटोरिअल आणि त्यात आधी सोडवून आणलेल्या गणितांवरच बोलणं. गटात एक व्हिएतनामी, एक डच आणि दोन स्थानिक मुलं होती. प्रोजेक्टचं काम वाटून घेताना पहिल्या बैठकीतच कोण काय करणार आणि कधी देणार, हे लिहून ठेवलं जायचं. आमच्या कॉलेजच्या सबमिशनच्या आदल्या रात्रींची सवय असलेल्या मला ही शिस्त मनापासून आवडली आणि शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला आमच्या गटात मी तीच लावली.


जाईजुई

माझी धाकटी शाकाहारी, अंडंसुद्धा खात नाही. आणि स्वभावाने एकलकोंडी. हिवाळ्यात तिथे अंधार असतो म्हणतात. घरापासून पहिल्यांदाच लांब जाणार. काळजी वाटते हो.


नेसेनबाख

जाईजुई ताई, मी स्टुटगार्टमध्ये बरीच वर्षं राहतो, म्हणून उत्तर देतो. इथे बॉश, मर्सिडीज आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांमुळे पुण्या-चाकणकडची माणसं भरपूर आहेत. स्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनीशहरं आहेत, आणि महाराष्ट्राची या राज्याशी २०१५ पासून भागीदारी आहे. तेव्हा मुलगी अगदीच परक्या मुलखात जात नाहीये.

जेवणाचं : मेन्झात रोज एक तरी शाकाहारी पदार्थ असतो, बहुतेकदा पूर्ण वनस्पतीजन्यही. अंड्याचं मात्र विचारून घ्यायला हवं. इथले प्रसिद्ध श्पेट्झलं (जाड शेवयांसारखा प्रकार) अंड्याच्या पिठाचे असतात आणि माउलटाशन (सारण भरलेले) शाकाहारी घेतले तरी वरच्या पारीत अंडं असतंच. इथली मसूर मात्र आपल्याला जवळची. आल्बच्या डोंगरपट्ट्यात ती पिकते आणि घरोघरी शिजते, फक्त सॉसेज आणि श्पेट्झलं नकोत म्हणून सांगायचं. डाळी, कोथिंबीर, भेंडी, हिरव्या मिरच्या तुर्की दुकानांत मिळतात. भारतीय दुकानं स्टुटगार्टमध्ये आहेत, महिन्यातून एक फेरी पुरते. लहान कुकर, हिंग आणि गोडा मसाला घरून द्या. रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळे शनिवारी दुपारीच सामान भरून ठेवायची सवय लावावी लागते.

दुसरं, श्वाबियातली, म्हणजे या भागातली, माणसं पहिल्या भेटीत हात राखून असतात. त्यांच्याशी ओळख व्हायचा मार्ग म्हणजे शिस्त पाळणं. इथे 'केअरवोखं' म्हणून पद्धत आहे. जिना, पायऱ्या, समोरचा फुटपाथ झाडायची आठवड्याची पाळी. पाळीची पाटी तुमच्या दाराला अडकवली जाते, तुमचं झालं की तुम्ही शेजारच्या दाराला अडकवायची. वसतिगृहांतही स्वयंपाकघराच्या अशाच पाळ्या असतात. मुलीने आपली पाळी न सांगता चोख केली की शेजारीण तिसऱ्या आठवड्यात केक घेऊन येते. हे मी पुष्कळ मुलांच्या बाबतीत पाहिलंय.

अंधाराचं खरं आहे. डिसेंबरअखेरीला आठनंतर उजाडतं आणि साडेचारला मावळतं. एकट्या स्वभावाच्या मुलीने खोलीत बसू नये. विद्यापीठाचे खेळाचे वर्ग, गायनवृंद, हायकिंगचे गट असतात, ऑक्टोबरमध्येच एकात नाव घालावं. डिसेंबरच्या सुरुवातीला ट्युबिंगनच्या जुन्या गावात चॉकलेटची जत्रा भरते, मग नाताळचे बाजार. पण नाताळच्या सुट्टीत वसतिगृह रिकामं होतं, तो काळ परदेशी मुलांना सगळ्यात जड जातो. त्या दिवसांत आमच्याकडे मुलं राहायला येतात. इथल्या मराठी घरांना हे नवीन नाही.


कृष्णाकाठ

नेसेनबाख दादा, अगदी बरोबर. जाईजुई काकू, घरी फोन करायची वेळ आधीच ठरवून टाका. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात. भारताशी फरक साडेतीन तासांचा साडेचार होतो. ती रात्री जेवून फोन करेल तेव्हा तुमच्याकडे मध्यरात्र. आमचं दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत बोलणं व्हायचं, ते सगळ्यांना सोयीचं पडलं. आणि रोज फोन नको, हे मी मुलीच्या बाजूने सांगते. पहिल्या महिन्यात दिवसभराचं सगळं आईला सांगून झालं की संध्याकाळी स्वयंपाकघरात कुणाशी बोलायची गरज वाटत नाही, आणि ओळखी त्याच महिन्यात होतात.


गोदातीर

मी नांदेड जिल्ह्यातला, घरी कोरडवाहू शेती. एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. धागा आवडला, पण एक गोष्ट खटकली. महिन्याला ९९२ युरो दाखवणारे पालक किती? एक्स्चेंजच्या जागा मोठ्या शहरांतल्या नामांकित संस्थांत असतात, आणि तिथेही ज्यांच्या घरी पासपोर्ट आधीपासून आहे तीच मुलं अर्ज करतात. सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, ती पूर्ण पदवीसाठी. एका सेमिस्टरसाठी जाणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. १९२१ मध्ये त्यांनी जर्मनीत बॉन विद्यापीठातही नाव नोंदवलं होतं. लंडनचा अभ्यास चालू असताना, पैशाची इतकी ओढाताण असताना, त्यांना आणखी एक विद्यापीठ हवंसं वाटलं. शिकण्याची तेवढीच भूक असलेली मुलं आज माझ्या वर्गात आहेत. त्यांनी 'एका गावाला सहा महिने द्या' हे वाचून काय करायचं? रस्ता असेल तर सांगा.


कृष्णाकाठ

गोदातीर, तुझा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. मी स्वतः शिष्यवृत्तीवरच गेले होते, घरच्या पैशांवर जाणं आम्हालाही शक्य नव्हतं.

युरोपसाठी पहिला रस्ता इरॅस्मस प्लस या युरोपीय संघाच्या योजनेचा. इरॅस्मस १९८७ पासून युरोपातल्या युरोपात होतंच, आता त्याचा एक भाग भारतासारख्या देशांसाठी आहे. भारतातून युरोपात येणाऱ्या विद्यार्थ्याला देशानुसार महिन्याला ८०० ते ९०० युरो, वर प्रवासाची रक्कम अंतराच्या हिशोबाने. फी माफ. पण इथे विद्यार्थी एकटा अर्ज करू शकत नाही. तुझं विद्यापीठ आणि तिकडचं विद्यापीठ यांच्यात करार हवा आणि नाव तुझ्या विद्यापीठाने सुचवायचं असतं. असे करार पुष्कळदा एखाद्या विभागापुरतेच असतात आणि शेजारच्या विभागालाही त्यांची कल्पना नसते. तेव्हा पहिलं काम : आपल्या विद्यापीठाचे कोणते करार चालू आहेत, कोणत्या विभागाचे आणि कधीपर्यंत, हे आंतरराष्ट्रीय कक्षाकडे लेखी मागणं.

दुसरा रस्ता त्या त्या राज्याच्या शिष्यवृत्त्यांचा. बाडेन-व्युर्टेम्बर्ग स्टिपेंडियम ही तिथल्या विद्यापीठांत करारातून येणाऱ्या एक्स्चेंज विद्यार्थ्यांसाठी आहे. निवड तिथलं विद्यापीठ करतं. एक्स्चेंजसाठी तुझं नाव पक्कं झालं की तिथल्या समन्वयकाला विचारायचं, 'या शिष्यवृत्तीसाठी माझा अर्ज घेता का?' हा प्रश्न विचारणारे कमी असतात.

नोकरीचा भरवसा धरू नकोस. नियमाने वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, पण जर्मन येत नसेल तर लहान गावात काम मिळायलाच दोन महिने जातात, आणि सेमिस्टर असतंच केवढं.


विद्याव्यवहार

गोदातीर, तुमचा राग योग्य आहे आणि तो आमच्यासारख्या प्राध्यापकांपर्यंत पोचायला हवा. करार करणं हे संस्थेचं काम आहे, विद्यार्थ्याचं नव्हे. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत इंग्रजीतून पत्रव्यवहार करायला माणूस नसतो, म्हणून करार होत नाहीत आणि आलेल्या संधी टेबलावर पडून राहतात. मी हे जवळून बघितलंय. विद्यापीठ परिसरातला विभाग असेल तर रस्ता थोडा सोपा. विभागप्रमुखांच्या नावाने पत्र करा. मसुदा मी देते, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. त्यात तुमचा विषय, तिकडच्या कोणत्या विभागात काय शिकवतात आणि आपल्या अभ्यासक्रमातल्या कोणत्या पेपरशी ते जुळतं, असा तक्ता जोडला तर नकार देणं अवघड जातं.


उगवतीचा

जपानबद्दल थोडंसं. मी पुण्यात जपानी शिकलो आणि कान्साय (ओसाका-क्योतोच्या) भागात एक्स्चेंजला होतो. सत्रं एप्रिलला आणि सप्टेंबरअखेरीला सुरू होतात, म्हणजे कॅलेंडरची अडचण तिथेही आहेच. विमानतळावरच रेसिडेन्स कार्ड मिळतं, राहायला गेल्यावर १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवायचा, राष्ट्रीय आरोग्य विमा घ्यायचा (दवाखान्याच्या बिलाचे ७० टक्के तो भरतो). परवानगी घेतली तर आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं. धागाकर्तीच्या मुख्य मताशी पूर्ण सहमत. मी एका छोट्या उपाहारगृहात भांडी घासायचो आणि तिथल्या आजींकडून जितकी भाषा शिकलो तितकी वर्गात आली नाही.


वाटसरू_८१

एक शेवटची शंका. परीक्षा आणि निकालाचं काय? मुलगी मार्चमध्ये परत येणार असेल तर गुणपत्रिका हातात घेऊनच येते का?


कृष्णाकाठ

नाही काका, आणि हे आधी माहीत असलेलं बरं. लेखी परीक्षा फेब्रुवारीत होतात, पण सेमिनारचं मूल्यमापन पुष्कळदा हाउसआर्बाइटवर असतं. पंधराएक पानांचा निबंध, संदर्भांसह. त्याची मुदत बहुतेकदा मार्चअखेर. म्हणजे मुलगी इथे परतून पुढच्या सत्राचे तास करत असताना तो लिहीत बसणार. मग प्राध्यापक तपासणार, मग गुणपत्रिका. मे-जून सहज उजाडतो. तिने विषय जानेवारीतच प्राध्यापकांकडून पक्का करून घ्यावा आणि ग्रंथालयातून हवी ती प्रकरणं स्कॅन करून ठेवावीत. पुण्यात आल्यावर ती पुस्तकं मिळत नाहीत. इथल्या परीक्षा विभागालाही 'गुण जूनपर्यंत येतील' असं पत्र जाण्यापूर्वीच देऊन ठेवावं.

निघताना तीन कामं : नगरपालिकेत नोंद रद्द करणं, विम्याला कळवणं आणि बँक खातं बंद करणं. खातं सगळ्यात शेवटी, कारण वसतिगृहाची अनामत त्यातच परत येते आणि तिला काही आठवडे लागतात.


गोदातीर

विद्याव्यवहार मॅडम, व्यनि केला आहे. आमच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दोन करार दिसले, एक समाजशास्त्राचा आहे आणि त्याची मुदत अजून संपलेली नाही. सोमवारी विभागप्रमुखांना भेटतोय. अभ्यासक्रमाचा तक्ता रविवारी रात्रीपर्यंत करून इथेच टाकतो. कृष्णाकाठ, ईसीटीएसचा रकाना तपासून देशील का?


कृष्णाकाठ

नक्की. टाक, रात्री उशिरा का होईना, बघते.